बटरटब्जच्या घाटात

उत्तर इंग्लंडमधल्या यॉर्कशर डेल्समध्ये हॉज नावाचं बाजाराचं गाव आहे. तिथून उत्तरेला यूर नदीचा पूल ओलांडला की रस्ता सरळ डोंगराच्या अंगावर चढतो. हा बटरटब्जचा घाट. माथ्याची उंची ५२६ मीटर. आपल्याकडच्या घाटांच्या मानाने हे काहीच नाही, असं आदल्या रात्री मी मुलीला सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या किलोमीटरातच मी सायकलवरून उतरले आणि ढकलायला लागले. आपले घाट वळणं घेत, माणसाची दया करत चढतात. इथला रस्ता वळणाच्या भानगडीत फारसा पडत नाही.

मुलगी लीड्सला नोकरी करते. मी बडोद्याला कॉलेजात इतिहास शिकवत होते, आता निवृत्त आहे. तिने दोन सायकली गाडीच्या मागे अडकवून आणल्या होत्या आणि आखणी अशी होती : हॉजहून बटरटब्ज ओलांडून स्वेलडेलच्या खोऱ्यात उतरायचं, नदीकाठाने थ्वेट, म्यूकर, गनरसाइड करत रीथ गाठायचं, ग्रिन्टनच्या माळावरून परत वेन्स्लीडेलमध्ये यायचं आणि आस्क्रिगवरून हॉजला. साठ-पासष्ट किलोमीटर. इंग्लंडातल्या सायकलवाल्यांमध्ये ही वाट नावाजलेली आहे आणि नावाजण्याचं कारण सगळे एकच सांगतात : शांतता. मुलगी वर एका वळणावर थांबून माझी वाट पाहत होती. मी धापा टाकत पोचल्यावर म्हणाली, "आई, ऐक. काहीच ऐकू येत नाहीये."

खरंच येत नव्हतं. एखादी मेंढी, वारा, बस्स. पण मला त्या शांततेचं काहीतरी खटकत होतं. दोन्ही बाजूंना दगडी भिंती होत्या, चुना-सिमेंट न घालता नुसता दगडावर दगड बसवून रचलेल्या. चढावर माणूस नीट उभा राहू शकणार नाही अशा उतारांवरूनही त्या सरळ रेषेत वर गेलेल्या. हे कुणीतरी हातांनी केलेलं होतं. जिथे इतके हात राबले, ती जागा मुळात शांत कशी असेल? ती नंतर शांत झाली असली पाहिजे.

भिंतींपासून सुरुवात करते, कारण ढकलताना त्याच नजरेसमोर होत्या. खोऱ्याच्या तळाशी, गावांना लागून जी लहान, वेडीवाकडी कुरणं दिसतात त्यांचे बांध जुने आहेत. डोंगरावर जाणाऱ्या लांब, सरळ भिंती मात्र बहुतेक अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या आणि एकोणिसाव्याच्या पूर्वार्धातल्या. त्याआधी हा डोंगरमाथा सामाईक होता. गावच्या लोकांना तिथे गुरं चारायचा, सरपणासाठी पीट म्हणजे दलदलीतली जळाऊ माती कापायचा हक्क होता. मग पार्लमेंटचे कायदे एकामागून एक आले, कमिशनर नेमले गेले, त्यांनी नकाशावर पट्टी ठेवून रेघा ओढल्या, आणि ज्याच्या वाट्याला जमीन आली त्याने ठरावीक मुदतीत तिला भिंत घालायची अशी अट असे. भिंत रचणाऱ्यांचा दिवसाचा हिशोब साधारण सात यार्डांचा धरला जाई. सात यार्ड म्हणजे सहा-साडेसहा मीटर. मी ढकलत होते त्या एका किलोमीटरच्या एका बाजूसाठी सुमारे दीडशे दिवसांची मजुरी. ती मजुरी ज्यांनी घेतली, त्यांतल्या कितीतरी जणांचा चराईचा हक्क त्याच भिंतीने संपवला होता.

रस्तेही त्याच कमिशनरांनी आखले. नवा रस्ता किती फूट रुंद असावा हे निवाड्यात लिहिलेलं असे, पुष्कळदा तीस किंवा चाळीस. म्हणून आज मधे डांबराची अरुंद पट्टी, दोन्ही कडांना गवताचे रुंद पट्टे आणि मग भिंत, असं दृश्य दिसतं. सायकलवाल्याला ते नयनरम्य वाटतं. रुंदी ठेवली होती ती चिखलातून वाट काढणाऱ्या गाड्यांसाठी आणि कळपांसाठी.

थोड्या उंचीवर भिंती संपतात. रस्त्यात खड्ड्यावर लोखंडी गजांची जाळी टाकलेली असते. चाकं त्यावरून जातात, मेंढ्या जात नाहीत. तिच्यापलीकडे उघडा माळ. माथा ओलांडून थोडं उतरल्यावर रस्त्याच्या कडेलाच बटरटब्ज आहेत : चुनखडीच्या दगडात पाण्याने कोरलेली खोल विवरं, काही वीसेक मीटर खोल. बाजाराला निघालेले शेतकरी उन्हाच्या दिवसांत इथे थांबत आणि लोणी वितळू नये म्हणून त्या गार विवरांत उतरवून ठेवत, म्हणून हे नाव, असं सांगतात. इतिहासाची शिक्षिका म्हणून अशा व्युत्पत्तींकडे मी संशयाने बघते. पण लोणी घेऊन डोंगर ओलांडणारे लोक होते, हे खरंच आहे. हॉजचा बाजार त्यांच्यावरच चालत होता.

उतार संपल्यावर थ्वेट लागतं. इथली नावं ऐकताना ती इंग्रजी वाटतच नाहीत, आणि ती नाहीतच. दहाव्या शतकाच्या आसपास पश्चिमेकडून आलेल्या नॉर्स वसाहतकऱ्यांनी ती ठेवली. थ्वेट म्हणजे रान तोडून मोकळी केलेली जागा. पुढचं केल्ड म्हणजे झरा. गनरसाइड म्हणजे गुन्नर नावाच्या कुणाचं उन्हाळी कुरण. नाव ठेवणारे गेले आणि त्यांची भाषाही गेली, तरी गावकऱ्यांनी नावं टाकली नाहीत.

नदीच्या पलीकडच्या उतारावरून एक पायवाट आमच्या सोबतीने जात होती. तिच्यावर डांबर पडलं नाही, म्हणून सायकलच्या नकाशात ती नाही. पण खोऱ्यातला सगळ्यात जड वाहतुकीचा मार्ग तो होता. वरच्या स्वेलडेलमध्ये मेलेल्याला पुरायला पवित्र केलेली जमीन नव्हती. दफनाचा हक्क होता तो थेट ग्रिन्टनच्या सेंट अँड्र्यूज चर्चकडे. त्यामुळे केल्डसारख्या टोकाच्या गावातून माणसाला खांद्यावर घेऊन वीसेक किलोमीटर चालावं लागे. वजन कमी व्हावं म्हणून लाकडी शवपेटीऐवजी वेताची पेटी वापरत. वाटेत ती टेकवायला सपाट दगड मांडलेले होते. आयव्हलेटच्या उंच कमानीच्या पुलापाशी असा एक दगड अजून दाखवतात (आणि त्या पुलावर बिनडोक्याचा कुत्रा फिरतो असंही सांगतात. पूल इतका देखणा आहे की कुत्र्याची गरज नव्हती). १५८० मध्ये म्यूकरला चॅपल झालं, तिथे दफनाची सोय झाली आणि ही पायपीट संपली. म्यूकरच्या चर्चच्या आवारात आम्ही पाणी प्यायला थांबलो होतो. ती भिंत मला वेगळी वाटायला लागली. माणसांना दोन दिवसांच्या वाटेवरून सोडवणारी.

गनरसाइडला मात्र थांबून राहावं लागलं, कारण या खोऱ्याच्या शांततेचा मुख्य जबाब तिथे आहे. गावातून ओढ्याच्या काठाने वर गेलं की डोंगर फाटल्यासारखा दिसतो. पावसाने पडलेल्या घळी असतील असं वाटतं. त्या माणसांनी पाडल्या. माथ्यावर मातीचा बांध घालून पाणी साठवायचं, मग तो एकदम फोडायचा. लोंढ्याबरोबर वरची माती निघून जाई आणि खाली शिशाच्या खनिजाची शीर उघडी पडे. स्वेलडेलचं शिसं मध्ययुगातल्या मठांच्या आणि किल्ल्यांच्या छपरांवर गेलं. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकात तर अख्खं खोरं त्यावर जगत होतं. खाणी, लांब बोगदे, खनिज फोडायच्या जागा, वितळवण्याच्या भट्ट्या, भट्टीचा विषारी धूर डोंगरावर दूर नेऊन सोडणारी दगडी भुयारी धुराडी. मजुरी ठेक्याची : खाणकामगारांची टोळी मालकाशी ठरावीक मुदतीचा सौदा करी, आणि शीर लागली नाही तर मुदतीअखेर हातात कर्ज. फुप्फुसं लवकर जात. मजुरी पुरत नसे म्हणून बायकाच नव्हे तर पुरुष आणि मुलंही लोकरीचे मोजे विणत. खाणीवर चालत जाताना विणत, परत येताना विणत. मेरी हार्टली आणि जोन इंगिल्बी या दोघींनी १९५१ साली या विणकऱ्यांवर एक अख्खं पुस्तक लिहिलं. मला सगळ्यात जास्त दिसत राहिले ते तेच : अंधारात, चढावर, सुया चालवत रांगेने जाणारे लोक. रस्ता पायांना पाठ होता, त्यामुळे हात मोकळे होते.

१८८० च्या दशकात हे कोसळलं. स्पेनमधून स्वस्त शिसं यायला लागलं, भाव पडला आणि खाणी एकेक बंद झाल्या. लोक निघाले. कुणी डरहॅमच्या कोळसा खाणींत, कुणी लँकेशरच्या कापडगिरण्यांत, कुणी अमेरिकेत, जिथे मिसिसिपीच्या वरच्या खोऱ्यात शिशाच्याच खाणी होत्या. घरांना कुलपं लागली. पुढे छपरं बसली. गनरसाइडचं मेथडिस्ट चॅपल बघितलं की गावाची आताची वस्ती आणि चॅपलचा आकार यांचा मेळ बसत नाही. ते कापड बेतलं गेलं तेव्हा अंग मोठं होतं.

इथे मला आमचं संगमेश्वर तालुक्यातलं गाव आठवलं, हे लपवण्यात अर्थ नाही. आजोबा तिथून गिरणगावात गेले, वडील पुढे बडोद्याला. सुट्टीत गावी गेलं की पाखाडीच्या दोन्ही बाजूंना बंद दारं आणि दोन म्हाताऱ्या. मुंबईहून बरोबर आलेले पाहुणे म्हणायचे, "किती शांत आहे हो तुमच्याकडे!" आजी काही बोलायची नाही. त्या गप्प राहण्याचा अर्थ कळायला मला स्वेलडेलपर्यंत यावं लागलं.

आता सायकलींकडे येते, कारण हे दोन धागे एकाच दशकात भेटतात. ऑगस्ट १८७८ मध्ये, इथून दिवसभराच्या अंतरावर असलेल्या हॅरोगेटला स्टॅन्ली कॉटरेल नावाच्या तरुण वैद्यकीय विद्यार्थ्याच्या पुढाकाराने बायसिकल टूरिंग क्लबची स्थापना झाली. १८८३ पासून त्याचं नाव सायक्लिस्ट्स टूरिंग क्लब. त्याच १८७८ साली हॉजला मिडलँड कंपनीची रेल्वेही पोचली. रेल्वेने इंग्लंडभर काय केलं होतं ते लक्षात घ्यायला हवं. अठराव्या शतकात टोल घेऊन बांधलेले मोठे रस्ते घोडागाड्यांनी गजबजलेले असत. हॉजच्या परिसरातूनही १७५१ पासून रिचमंड ते लँकॅस्टर असा टोलरस्ता होता. सुरुवातीला तो जुन्या रोमन रस्त्याच्या रेषेवरून डोंगरमाथ्याने जाई. नंतर तो खाली आणला गेला आणि वरचा तुकडा आजही गवताळ वाट म्हणून उरला आहे. रेल्वे आल्यावर घोडागाड्या गेल्या, टोल आटला, खानावळी ओस पडल्या, रस्त्यांची डागडुजी थांबली. उंच चाकाच्या सायकलवर बसलेले पहिले हौशी प्रवासी ज्या रस्त्यांवर आले, ते असे नुकते रिकामे झालेले रस्ते होते. जणू पाहुणे उठून गेलेल्या जेवणाच्या खोलीत कुणी शिरावं.

ते काही फार आरामात फिरत नव्हते. उंच चाकावरून उतारावर तोल गेला की माणूस डोक्यावर पडे. म्हणून क्लबाने अवघड उतारांच्या तोंडाशी धोक्याच्या पाट्या लावल्या. खानावळींशी दर ठरवून घेतले आणि पंख असलेल्या चाकाची खूण त्यांच्या भिंतींवर बसवली. १८८५ मध्ये जॉन केम्प स्टार्लीची दोन सारख्या चाकांची सायकल आणि १८८८ मध्ये डनलॉपचं हवेचं टायर आलं, तेव्हा डोंगराळ भाग खरा उघडला. तरीही त्या काळातले सायकलवाले मोठे चढ चालतच चढत आणि त्यात त्यांना काही वाटत नसे. सायकल ढकलणं ही नामुष्की नंतरची. हे मी मुलीला दोनदा सांगितलं.

१८९९ पर्यंत क्लबाचे सभासद ६० हजारांवर गेले. पाच वर्षांपूर्वी, १८९४ मध्ये, बर्मिंगहॅमला समाजवादी तरुणांनी क्लॅरियन सायकल क्लब काढला होता. रविवारी पत्रकं वाटत, गावोगाव सभा घेत ते फिरायचे. गिरण्यांच्या धुरातून सुटून डोंगरात येणाऱ्या या पोरापोरींपैकी एखाद्याचा आजा ह्याच डोंगरातून गिरणीत गेलेला असणं अगदी शक्य आहे. मला पुरावा सापडलेला नाही, शोधलाही नाही. पण लँकेशरच्या गिरणगावांपासून डेल्स रविवारच्या टप्प्यात येतात.

या कथेतला उपहास पुढे आहे. खराब रस्त्यांनी वैतागलेल्या सायकलवाल्यांनी १८८६ मध्ये रस्ते सुधारणा संघ काढला. खडी कशी फोडावी, कशी पसरावी याची पत्रकं ते गावोगावच्या रस्ते-अधिकाऱ्यांना पाठवत. याच संघातून विल्यम रीस जेफ्रीज पुढे आला. सायकलवाला म्हणून सुरुवात केलेला हा माणूस १९१० मध्ये सरकारच्या नव्या रस्ते मंडळाचा सचिव झाला. रस्ते सुधारले, डांबर आलं, आणि डांबराबरोबर मोटारी. ज्यांनी रस्ता मागितला त्यांनाच तो सोडून कडेच्या, डोंगरातल्या, मोटारींना गैरसोयीच्या वाटा शोधाव्या लागल्या. शांत रस्त्यांची आवड अशी थोडीफार हकालपट्टीतूनही आलेली आहे.

शर्यतींचंही तसंच. पोलिसांचा रोष नको म्हणून सायकल संघटनेने १८९० च्या दशकात रस्त्यावरच्या शर्यतींकडे पाठ फिरवली. ज्यांना त्या हव्याच होत्या ते पहाटे, काळे कपडे घालून, एकेकटे, घड्याळाशी स्पर्धा करत आणि मार्गांची नावं सांकेतिक ठेवत. १९४२ च्या जूनमध्ये, युद्धामुळे मोटारी विरळ झालेल्या असताना, पर्सी स्टॅलर्डने लँगॉलेन ते वुल्व्हरहॅम्प्टन अशी उघड सामूहिक शर्यत भरवली. त्याबद्दल त्याला संघटनेने बाहेर काढलं, पोलिसांनी नव्हे.

आणि मग ५ जुलै २०१४. टूर द फ्रान्सचा पहिला टप्पा लीड्स ते हॅरोगेट होता आणि तो बटरटब्जवरून गेला. मुलीने फोनवर फोटो दाखवले. मी जिथे एकटी सायकल ढकलत होते तिथे माणसांची भिंत उभी आहे, मधे एका सायकलपुरती फट. त्या दिवशी घाटाला बहुधा त्याच्या सगळ्या इतिहासात दिसली नव्हती एवढी गर्दी दिसली. संध्याकाळी ती उतरून गेली.

रीथला चहा घेऊन आम्ही ग्रिन्टनचा पूल ओलांडला. चर्च डावीकडे ठेवून रस्ता पुन्हा चढतो. मी पुन्हा उतरले. या चढावर २०१९ मध्ये एक गोष्ट घडली. सप्टेंबरमध्ये हॅरोगेटला सायकलिंगची जागतिक स्पर्धा होती आणि मार्ग याच माळावरून जाणार होता. ३० जुलैला ढगफुटी झाली, ओढे फुटले, घरांत चिखल शिरला आणि माळावरचा दगडी पूल वाहून गेला. धावपळ करून स्पर्धेआधी तात्पुरता पूल उभा केला गेला. २९ सप्टेंबरला पुरुषांची शर्यत होती. पाऊस इतका कोसळला की आयोजकांनी बटरटब्ज आणि ग्रिन्टन दोन्ही मार्गातून वगळले. शर्यत आलीच नाही. पूल मात्र पलीकडे शेत असलेल्यांच्या कामी आला. त्याच वर्षी शेजारच्या आर्केनगार्थडेल खोऱ्यातली प्राथमिक शाळा मुलांअभावी बंद झाली. बंद घरं इथे आता पडकी दिसत नाहीत, उलट रंगवलेली असतात. दाराशी किल्ली ठेवायची आकड्यांची छोटी पेटी असते. सुट्टीत भाड्याने द्यायची घरं. आम्हीही अशाच एका घरात उतरलो होतो, खाणकामगाराच्या, दोन खोल्यांच्या.

माळावर, रस्त्यापासून थोडं आत, ग्रिन्टनची जुनी शिसेभट्टी अजून छपरासकट उभी आहे. तिचं दगडी धुराडं गवतातून सापासारखं वर डोंगरावर गेलेलं दिसतं. आत कुणी नव्हतं. मेंढ्यांच्या लेंड्या, थंडावा. मुलगी बाहेर सायकली धरून उभी होती आणि मी हाक मारली तेव्हा तिला भट्टीतून आवाज आल्यामुळे दचकायला झालं.

कॅसल बोल्टन, आस्क्रिग, आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास हॉज. जुन्या रेल्वे स्टेशनात आता संग्रहालय आहे. प्रवासी गाड्या पूर्वेकडच्या १९५४ मध्ये आणि पश्चिमेकडच्या १९५९ मध्ये थांबल्या. फलाटाला लागून एक इंजिन उभं केलेलं आहे, ते कुठेच जात नाही. बाकावर बसून मुलीने सायकलवरच्या यंत्रातून दिवसाचा हिशोब काढला. अंतर तिच्यापेक्षा माझं कमी भरलं. मी म्हटलं, असं कसं, आपण दोघी तर एकाच वाटेने आलो.

"वेग फार कमी झाला की ते आपोआप थांबतं, आई," ती म्हणाली. "तू चाललीस ते त्याने मोजलंच नाही."